इस्त्रीमामाच्या बाईसाहेब

लाँड्रीतल्या पोरी त्याला इस्त्रीमामा म्हणायच्या. भाचा म्हणाल तर एकही नाही, भाचीही नाही. पण माणूस पन्नाशी ओलांडलेला, बिनलग्नाचा, बोलणं जेमतेम. त्याला मामा नाही तर काय म्हणणार! लाँड्रीच्या मागच्या खोलीत, जिथं वाफेनं भिंतींचा रंग पापुद्र्यापापुद्र्यानं सुटला होता, तिथं तो सकाळी जो उभा राहायचा तो दिवेलागणीलाच बसायचा. कोट, चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, दवाखान्यातले पांढरे झगे. बोट जिभेला लावायचं, इस्त्रीच्या पोटाला टेकवायचं, चर्र झालं की कामाला लागायचं. वर्षानुवर्षं असं करून त्या बोटाची कातडी इतकी निबर झाली होती की उकळत्या चहाचा पेला तो नुसत्या बोटांनी उचलायचा. आणि हात कायम ऊन. थंडीत रस्त्यावर लोक तळवे चोळत चालायचे, हा मात्र दोन्ही हात कोटाच्या खिशात घट्ट कोंबून, कुणाशी न बोलता, भराभरा घर गाठायचा. हातातली ऊब वाटेत संपू नये म्हणून. ती त्याला घरी न्यायची असायची.

घरी कोण होतं? बाईसाहेब होत्या.

आता बाईसाहेब म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं ते कळलं, पण तसलं काही नाही हो. बाईसाहेब म्हणजे साप. हिरवीगार, अंगठ्याएवढी जाड, तिकोनी डोक्याची. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक बारीक खळगा होता; त्या खळग्यांनी तिला अंधारातही ऊन वस्तू कळायची. आणि विषारी, चांगली जहाल विषारी. हा गृहस्थ तिला उघड्या हातानं उचलायचा. हातमोजा नाही, काठी नाही. काय म्हणावं या माणसाला!

पण मुळात हे झालं कसं ते ऐकायला हवं, नाहीतर तुम्ही त्याला नुसताच वेडा ठरवून मोकळे व्हाल.

आई होती तोवर घरात आवाज होता. शेवटची वर्षं ती अंथरुणालाच खिळलेली. तिची कूस बदलायची, पाय शेकायचे, केस विंचरायचे, सगळं हाच करायचा. करताना कुरकुरायचाही, खोटं कशाला बोला. ती गेली आणि थोड्या दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आता कुणाचा हातच लागत नाही. लाँड्रीत कपडे हातात येतात, माणसं येत नाहीत. एक न्हावी सोडला तर कुणी नाही. मग तो केस वाढलेले नसतानाही न्हाव्याकडे जाऊन बसायला लागला. एकदा न्हावी कैची वाजवत म्हणाला, "मामा, कापू काय? हवा कापू?" दुकानातली माणसं हसली. हा ओशाळा होऊन उठला, तो पुन्हा महिनाभर त्या गल्लीत फिरकला नाही.

लाँड्रीसमोर शोभेच्या माशांचं दुकान होतं. दर्शनी भागात मासे, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत पोलिसांना न सांगण्यासारखा माल. दुकानदार म्हातारा झाला, दुकान मोडून लेकीकडे राहायला निघाला. सगळं खपलं, ही एक उरली. "कुणी घेईना हिला," तो म्हणाला. "टाकवतही नाही आणि नेताही येत नाही. तू एकटाच असतोस ना? घेऊन जा." मग पेटी देताना त्यानं मामाचं मनगट धरलं. "पण ऐक. हात लावायचा नाही. ही लाडात येणारी जात नाही. हा आकडा घे, हा लांब चिमटा घे. पेटी उघडली की हे हातात हवंच."

मामानं मान डोलावली. परवाना काढावा लागतो हे त्याला माहीत होतं, पण कचेरीत जाऊन नाही ऐकण्यापेक्षा न विचारणं बरं, असा त्यानं सोयीस्कर विचार केला. पेटी आईच्या खोलीत ठेवली. आकडा म्हणजे लांब दांडीला वळवलेलं लोखंडी टोक. तो त्यानं थोड्याच दिवसांत लाँड्रीत नेला, उंच दांडीवरचे कोट खाली काढायला. फार कामाची वस्तू निघाली. मालकानंही कौतुक केलं.

पहिल्यांदा हात कसा लागला? पाण्याची वाटी ठेवायला म्हणून त्यानं हात आत घातला होता, नुकताच कामावरून आलेला, ऊन हात. ती फांदीवरून हळूच खाली आली आणि मनगटावर चढली. त्याची पाचावर धारण बसली. श्वास रोखून उभा राहिला. तिनं दोन वेढे घेतले आणि हनुवटी नेमकी त्याच्या नाडीवर टेकवली. मग गप्प. तिचं अंग गार होतं, कोरडं होतं, आणि वजन इतकं थोडं की हातमोजा घातल्यासारखं वाटावं. तसाच उभा राहिला तो, आणि उभ्या उभ्या त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आई गेल्यानंतर आपण होऊन त्याच्याकडे आलेला हा पहिलाच जीव.

त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. कामावरून यायचं, कोट काढायचा, हात आत घालायचा. सुट्टीच्या दिवशी हात गार असायचे, तेव्हा घरातली इस्त्री तापवून तिच्याजवळ तळवे धरायचे आणि मग पेटी उघडायची. दिवसभरातलं सगळं तो तिला सांगायचा. कुणी कोटावर कसला डाग पाडला, मालक कुणावर खेकसला. बाईसाहेब नाडीवर हनुवटी टेकवून ऐकायच्या. निदान त्याला तरी तसं वाटायचं. अधूनमधून ती खाल्लेला उंदीर उलटून टाकायची, तेव्हा हा काळजीनं अर्धा व्हायचा आणि तिला अधिकच वेळ हातावर घेऊन बसायचा.

लाँड्रीतल्या पोरींना हे कळलं तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवले. "मामा, चावली म्हणजे?"

"मला नाही चावायची," हा म्हणायचा. "ओळखते मला."

हे सांगताना त्याचा चेहरा असा उजळायचा की पुढं कुणी बोलायचं नाही.

मग थंडीत अक्का आली.

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, सातेक वर्षांनी मोठी. जन्मभर एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकघर सांभाळलेली, जिभेला धार, पायाला भिंगरी. मूलबाळ नाही. नवरा त्या वर्षीच गेलेला, आणि राहतं घर दिराच्या नावावर. दिरानं तोंडानं काही म्हटलं नाही, पण स्वयंपाकघराच्या कपाटाला कुलूप लावलं. अक्काला तेवढं पुरलं. दोन पिशव्या, एक छत्री घेऊन ती दारात उभी राहिली.

"चार दिवस आलेय रे, बाळ्या," ती म्हणाली. छप्पन्न वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

चार दिवसांसाठी कुणी लोकरीचे कपडे, नवऱ्याचा फोटो आणि औषधांचा डबा घेऊन येत नाही. मामाला ते दिसलं. दिसूनही त्यानं न दिसल्यासारखं केलं. घरात खोल्या दोनच: स्वयंपाकघर, तिथंच त्याचा पलंग, आणि आईची खोली, जिच्यात आता बाईसाहेब होत्या. त्यानं अक्काला स्वयंपाकघरात घडीची खाट टाकून दिली. खिडकीच्या फटीतून वारा यायचा, अक्का शाल डोक्यावरून घेऊन झोपायची आणि काही बोलायची नाही. अक्का बोलत नाही म्हणजे काय समजायचं ते समजा.

बोलली ती दोन दिवसांनी, चहा ओतताना, त्याच्याकडे न बघता.

"ते वृद्धांचं निवासगृह आहे ना, नदीपलीकडचं. त्यांच्याकडे एक जागा झालीय. तिथल्या बाई आठवडा संपायच्या आत उत्तर मागतायत."

"मग?"

"मग काय? म्हटलं, आधी तुला विचारावं. आईची खोली आहे म्हणून."

आता यापेक्षा उघड कुणी काय बोलावं! अक्कानं उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. एवढं वाक्य जुळवायला तिला दोन दिवस लागले होते.

मामा कपातल्या चहाकडे बघत राहिला. "त्या खोलीत ती असते, अक्का. स्वयंपाकघरात वारा येतो, तिला नाही सोसायचा."

"मला सोसतोय तो?"

"तसं नाही गं. तुला काय, तू कुणाशीही बोलतेस. तिथं बायका असतील, तुझा वेळ जाईल. तिला माझ्याशिवाय कुणी नाही."

अक्कानं कप खाली ठेवला. "सापाला?"

"तू बघितलंच नाहीस. ती ओळखते मला. थांब, सुट्टीच्या दिवशी दाखवतो. बघ आणि मग बोल."

सुट्टीचा दिवस उजाडला तो कडाक्याच्या गारठ्याचा. बाईसाहेबांचा खाण्याचा दिवसही तोच. मामानं बर्फात ठेवलेला मेलेला उंदीर कोमट पाण्याच्या भांड्यात घालून पेटीशेजारीच ठेवला होता. उंदराचा वास पेटीत पोचला होता आणि ती फांदीवरून पुढे सरकून, मान आकड्यासारखी वाकवून बसली होती. याला ते दिसलं, पण त्याचा अर्थ त्यानं भलताच लावला. "बघ, माझी वाट बघतेय," तो अक्काला म्हणाला.

आज अक्काला पटवायचं होतं. म्हणून त्यानं इस्त्री नेहमीपेक्षा जास्त तापवली. तळवे जवळ धरून त्याला समाधान होईना. मग जाड कापडाची घडी इस्त्रीखाली तापवून ती घडी तळहातांत दाबून धरली. त्याच्या निबर कातडीला काही कळलं नाही, पण हात चांगलेच तापले होते. त्या गारठलेल्या खोलीत, उंदराच्या वासात, एक ऊन, हलती वस्तू पेटीत शिरली. बाईसाहेबांनी जे करायचं तेच केलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधे दोन दात रुतले.

तो ओरडला नाही. ओरडण्याआधी त्याला नवल वाटलं. "अगं, मी आहे," असं तो तिला म्हणाला, अक्कानं आपल्या कानांनी ऐकलं.

मग कळ आली. हात जळत्या निखाऱ्यात धरल्यासारखा. तो मागं धडपडला, इस्त्री खाली पडली, तारेचा जाळ झाला आणि खोलीतली वीज गेली. पेटीचं काचेचं दार उघडंच होतं आणि बाईसाहेबांचं अर्धं अंग बाहेर लोंबत होतं.

"आकडा कुठाय?" अक्का ओरडली. दुकानदारानं आकडा दिला होता हे ह्यानंच तिला हौसेनं सांगितलेलं.

"लाँड्रीत."

"लाँड्रीत! अरे देवा!"

त्रेसष्ट वर्षांची ती बाई, काळजाचं पाणी झालेलं, पण डोकं जागेवर. कोपऱ्यातली छत्री घेतली, तिच्या दांड्यानं ते हिरवं अंग हळूहळू आत ढकललं. बाईसाहेबांनी एकदा छत्रीवर तोंड टाकलं. अक्काचा हात त्या तोंडापासून फार लांब नव्हता. मग तिनं छत्रीच्याच टोकानं काच सरकवून दार लावलं, कडी घातली, आणि जिन्यात जाऊन शेजाऱ्यांची दारं बडवली. हे सगळं होईपर्यंत मामाचा हात कोपरापर्यंत फुगला होता.

दवाखान्यात डॉक्टरबाई भडकल्या. भडकणारच. "कुठला साप? कुठून आणलात? या सापावरचं औषध आम्ही ठेवत नाही, हा इकडच्या रानातला नाहीच!" शेवटी शहराबाहेरच्या सर्पालयातून ते मागवलं. तिथं ते त्यांच्या कामगारांसाठी ठेवलेलं होतं. गाडी पळवत एक माणूस घेऊन आला. पोरसवदा चेहऱ्याचा, जाड चष्म्याचा. त्याच्याकडची कुप्पी न् कुप्पी मामाच्या शिरेत गेली. मामा वाचला. बोट राहिलं, पण ताठलं. पुन्हा वाकणार नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगून टाकलं.

हे चालू असताना अक्का व्हरांड्यात बाकावर बसली होती. आठवडा संपत आला होता. तिनं उठून निवासगृहाच्या बाईंना फोन केला, येते म्हणून सांगितलं, आणि परत येऊन त्याच्या उशाशी बसली. त्याला त्यातलं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्याबरोबर यानं काय विचारावं? "तिला ऊब आहे ना? पेटीखालची विजेची गादी चालू आहे ना?"

अक्कानं कपाळाला हात लावला. "जळली ती गादी. वीज गेली तेव्हाच. तो चष्मेवाला येतो सकाळ-संध्याकाळ, शेकायच्या पिशवीत गरम पाणी भरून आत ठेवतो. नवीन गादी मागवलीय म्हणाला."

"तो घेऊन का जात नाही तिला?"

"कसा नेणार? औषध सगळं तुला टोचलं. नवीन येईपर्यंत त्यांनी तिकडे विषारी सापांच्या पेट्या उघडायच्या बंद केल्यात. पाणीसुद्धा लांबून ओततात म्हणे. आणि तुझी पेटी मात्र रोज दोनदा उघडायला लागते त्याला." ती जरा थांबली. "चार वर्षांची मुलगी आहे रे त्याला. काल मला फोटो दाखवत होता."

मामानं मान भिंतीकडे वळवली. शरम वाटली त्याला, मनापासून वाटली. पण शरमेच्या खाली दुसरंच काही ठुसठुसत होतं, आणि ते हातापेक्षा जास्त दुखत होतं. ती चावली कशी? मला?

आपली आपण समजूत काढायची कला एकट्या माणसांना फार चांगली येते. चार-पाच दिवसांत त्यानं ठरवून टाकलं की ती घाबरली होती. अक्का परकी, तिला बघून घाबरली. आता इतके दिवस मी दिसलो नाही, तर हिरमुसली असेल. खात नसेल. घरी जाऊन लांबूनच बोललो तरी तिला कळेल. घरी सोडलं तेव्हा जिना चढताना त्याला धाप लागत होती, तरी तो अक्काच्या पुढं होता.

आईच्या खोलीत चष्मेवाला गुडघ्यांवर बसला होता. हातात लांब चिमटा, शेजारी शेकायची रबरी पिशवी, आत नुकतंच गरम पाणी भरलेलं. आईचीच पिशवी ती, लाल रंगाची, कडेनं जराशी चिरलेली.

"तिथंच थांबा, काका," तो मागं न बघता म्हणाला. त्यानं दार बोटभर सरकवलं, चिमट्यानं पिशवी आत ठेवली, दार लावलं, कडी घातली, कडी पुन्हा ओढून पाहिली आणि मगच श्वास सोडला.

फांदीवरून बाईसाहेब हलल्या. सावकाश खाली आल्या. पिशवीवर चढल्या, दोन वेढे घेतले, आणि पिशवीच्या गळ्यापाशी, बुचाच्या खाली, हनुवटी टेकवली. मग गप्प.

अगदी तशीच. वेढे तेच, मानेचा बाक तोच, हनुवटी टेकवून अंग सैल सोडणं तेच. मामानं जन्मात इतक्या बारकाईनं दुसरं काही पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याची फसगत व्हायला जागा नव्हती. तो बघत राहिला. मग भिंतीला टेकून खाली बसला.

"अशीच बसते रोज?" त्यानं विचारलं.

"हो. ऊन लागलं की बसते."

"माझ्या हातावरही अशीच बसायची."

चष्मेवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी तिखट बोलायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं असावं. "काका, खाल्ल्यावर तिला उलट्या व्हायच्या का?"

"व्हायच्या. मग मी तिला हातावर घ्यायचो, बरं वाटावं म्हणून."

"हातावर घेतल्यामुळेच व्हायच्या. पोट भरल्यावर त्यांना हलवायचं नसतं. त्रास होतो त्यांना. आम्हीसुद्धा उचलतो, पण कामापुरतं, आणि आकड्यानं. उघड्या हातानं उचलायला धीटपणा लागत नाही काही. चावल्यावर धावपळ दुसऱ्यांनाच करावी लागते."

"ती मला ओळखायची नाही?"

"ऊन काय, गार काय, ते ओळखते. तेवढंच तिला पुरतं. तिची काही चूक नाही त्यात."

"नाही, तिची कशी असेल," मामा म्हणाला आणि रडायला लागला. लहान मुलासारखा, आवाज करून. आई गेली तेव्हाही असा रडला नव्हता. चष्मेवाला बिचारा अवघडून चिमटा पुसत राहिला. अक्का दारात उभी होती. ती आत आली नाही, आणि गेलीही नाही.

सर्पालयात नवीन औषध आलं तसा चष्मेवाला आणखी एक माणूस, पक्की पेटी आणि दोन आकडे घेऊन आला. रीतसर कागद झाले, मामाला कचेरीत चार शब्द ऐकून घ्यावे लागले, त्यानं ते निमूट ऐकले. बाईसाहेबांना आकड्यावर घेताना त्यांनी याला खोलीबाहेर उभं केलं होतं. दाराच्या फटीतून हिरवं काहीतरी एका पेटीतून दुसऱ्या पेटीत गेलेलं दिसलं, एवढंच. तिनं मागं वळून वगैरे पाहिलं नाही. साप कशाला पाहील!

मग त्यानं खोली झाडली. भिंती पुसल्या, खिडकीच्या फटीत कापूस भरला, आईचा पलंग परत मांडला. डाव्या हातानं चादर घातली आणि एकही सुरकुती राहू दिली नाही. अक्का स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, तिला हाताला धरून आणली.

"राहशील, अक्का?"

अक्कानं पलंग पाहिला, चादरीवरून हात फिरवला.

"छान घातलीस रे."

"मग राहतेस ना?"

"मी त्यांना हो म्हणून बसलेय, बाळ्या. तू दवाखान्यात होतास तेव्हाच. तुझं बँडेज सुटेपर्यंत मुदत मागून घेतली होती."

"अगं, नाही म्हणून सांग. मी सांगतो. आपलं घर असताना..."

"आपलं घर तेव्हाही होतं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर याला सोपं गेलं असतं. "मी चहा ओतत विचारलं तेव्हा तू म्हणालास, तिला माझ्याशिवाय कुणी नाही. रबराच्या पिशवीनं तुझी जागा घेतली, तेव्हा तुला माझी आठवण झाली. मी रागावले नाहीये. पण आता इथं राहिले तर रोज रात्री या पलंगावर मला तेच आठवेल. तिथं निदान माझी मी गेलेली असेन."

मामा चादरीची कड उगाच पुन्हा सारखी करत राहिला.

लाँड्रीत मालकानं त्याला काढलं नाही, पण ताठ बोटानं इस्त्री धरवेना, म्हणून पुढच्या खोलीत घड्या घालायला आणि चिठ्ठ्या लावायला बसवलं. तिथं दार सारखं उघडतं, वारा येतो. मागच्या खोलीत एक पोरगी इस्त्री करायला लागली. आकडा अजून तिथंच खिळ्याला होता. मामानं तो उतरवून सर्पालयात पाठवून दिला.

बँडेज सुटलं त्याच आठवड्यात अक्का निघाली. बसथांब्यावर दोघं बाकावर बसली, मधे तिच्या दोन पिशव्या आणि ती छत्री. छत्रीच्या कापडावर अजून दोन बारीक भोकं होती. अक्कानं ती शिवली नव्हती. आभाळ मळकट होतं, गारठा हाडांत शिरत होता. मामानं सवयीनं दोन्ही हात खिशात घातले होते. आता ते कुणासाठी राखायचे नव्हते, तरीही.

"दर रविवारी भेटायला देतात," अक्का म्हणाली. "चारच्या नंतर. ये हवं तर."

"येईन."

"हात बघू तो."

त्यानं उजवा हात काढून पुढं केला. अक्कानं व्रण पाहिला, ताठलेलं बोट वाकवून पाहिलं, वाकलं नाही. मग तिचं लक्ष दुसरीकडेच गेलं.

"काय रे हे, बर्फ झालाय नुसता," ती म्हणाली. तिनं पिशव्या बाजूला सारल्या, त्याच्याजवळ सरकली, दुसराही हात खिशातून ओढून काढला आणि दोन्ही हात आपल्या तळव्यांत घेऊन चोळायला लागली. तिचे स्वतःचे हातही गारच होते. ऊब काही लवकर येईना. ती चोळत राहिली, मधेच तोंडाजवळ नेऊन फुंकर घालत राहिली, आणि आईची, दिराची, त्या निवासगृहातल्या जेवणाची काहीबाही बडबड करत राहिली. मामाला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तो त्या चार हातांकडे बघत होता.

बस आली. अक्कानं हात सोडले, पिशव्या उचलल्या आणि चढली.